आक्काची पाटी आणि माझं मॉड्यूल

माझी चुलत बहीण निपाणीला असते. माझ्याहून मोठी, म्हणून आक्का. संधिवातानं तिच्या दोन्ही हातांची बोटं आत वळली आहेत. पेन धरता येत नाही, पण बोटांच्या सांध्यांनी ती कळा दाबू शकते, आणि दाबता येतं म्हणून तिचं काम चालत होतं. 'होतं' लिहिताना हात अडखळला. पण आता तेच खरं आहे आणि ते माझ्यामुळे झालंय.

तिचं काम आमच्याच भागात असू शकतं असं आहे. इथं जमिनीचे कागद कानडीत येतात. ज्यांच्या नावावर जमीन, त्यांतल्या कित्येकांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. कोल्हापूर-इचलकरंजीला दिलेल्या त्यांच्या बहिणींना तर बोलताही येत नाही. वाटणीचा दावा लागला की पहाणी उतारे, जुनी वाटणीपत्रं, खरेदीखतं असं सगळं कुणीतरी मराठीत करून द्यावं लागतं. निपाणीतल्या एका वकिलांसाठी ते आक्का करायची. दोन्ही भाषा तिच्या घरच्या. लग्न झालेलं नाही, भावाकडे, म्हणजे आण्णा-वहिनीकडे राहते. पण आपल्या औषधाला भावापुढं हात पसरायचा नाही, हा तिचा ताठा होता आणि तो या कामावर उभा होता.

ती टाइप करायची ते एका चमत्कारिक पाटीवर. मोजक्याच पण तळहाताएवढ्या कळा असलेली पाटी. एकेक कळ म्हणजे एकेक अक्षर नव्हे, दोन-तीन कळा एकदम दाबल्या की एक अक्षर. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्यासाठी परदेशात बनवलेली. नात्यातल्या एकानं येताना आणून दिली होती. बनवणारी कंपनी पुढं बुडाली. आक्काचा संगणक बदलला आणि नव्या संगणकानं पाटीला ओळखच दाखवली नाही.

तेव्हा मी पुढं सरसावलो. मी बेळगावात एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतो. लोंढा-गुंजीकडनं रेल्वेनं येणाऱ्या पोरांना प्रोग्राम कसा लिहायचा ते शिकवतो आणि स्वतः कधी नाव घेण्यासारखा एकही लिहिला नाही, ही आमची आतली ठसठस. मी आक्काला म्हणालो, "ते विंडोज सोड. तुला लिनक्स घालून देतो. मी हाय न्हवं."

'मी हाय न्हवं' हे बोलायला काही लागत नाही.

इथं थोडं सांगायला हवं. लिनक्सच्या पोटात जे असतं त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे संगणकाच्या घरातली कर्ती बाई. कीबोर्ड काय म्हणतोय, पडद्याला काय हवंय, आवाज कुठनं यायचा, हे सगळं ती बघते. बाकीचे प्रोग्राम नुसते पाटावर बसून मागतात. आणि मॉड्यूल म्हणजे एखाद्या अनोळखी पाहुण्याची बोली त्या बाईला शिकवणारा छोटा तुकडा. आक्काच्या पाटीची बोली मी दिवाळीच्या सुट्टीत शोधून काढली. पाटी स्वतःबद्दल संगणकाला जी माहिती द्यायची तीच मुळात चुकीची होती. ती वाटेत अडवून दुरुस्त करणारं मॉड्यूल मी लिहिलं. फार मोठं नाही, पण चाललं.

मग कुठलं अक्षर कुठं, हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मी पुस्तकी हिशेबानं 'ळ' कोपऱ्यात टाकला होता. आक्का म्हणाली, "हात तुझ्याची. मिळकत मिळकत दर ओळीला येतंय माझ्या कागदात. 'ळ' अंगठ्याखाली दे." दिला. त्या दिवशी तिनं एक अख्खं पान उतरवलं आणि पदर डोळ्याला लावला. वहिनीनं पुरणपोळ्या केल्या. माझी छाती दोन बोटं वर आली ती पुढं बरीच वर्षं खाली उतरली नाही.

आता चूक सांगतो. असं मॉड्यूल दोन ठिकाणी ठेवता येतं. कर्नेलच्या आत घातलं, तर जगभरची माणसं कर्नेल बदलताना तुमचा तुकडाही सोबत बदलतात आणि प्रत्येक अपडेटबरोबर तो आयता येतो. बाहेर ठेवलं तर वेगळी चूल. आतल्या घरात काय बदललं ते आपणच डोकावून बघायचं, त्याप्रमाणे आपली भांडी बदलायची. नाही बघितलं तर आपण उपाशी. त्यात आतल्यांचा काही दोष नाही.

मी मॉड्यूल नेटवर ठेवलं होतं. तसली पाटी असलेल्या दूरदेशीच्या चार-दोन माणसांनी आभार मानले. लिनक्सचे प्रकार बरेच; आक्काच्या संगणकात जो होता, त्याचं कर्नेल बांधणाऱ्यांपैकी एकानंही मला लिहिलं: हे बाहेर का ठेवलंय, मूळ कर्नेलमध्ये पाठवा, आत आलं की आम्ही आमच्या पॅकेजमध्ये, म्हणजे लोकांना देतो त्या तयार गठ्ठ्यात, चालू करू. मी पाठवलं. तिथल्या तपासणाऱ्या माणसानं उत्तर दिलं. ओळींची मांडणी नियमाप्रमाणे नाही, नावं नीट नाहीत, हा भाग दोनदा लिहिलाय, दुरुस्त करून परत पाठवा. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. पोरांच्या वह्यांवर मी याहून कितीतरी झणझणीत लिहितो. पण आमच्या घराण्यात जमिनी वाटल्या गेल्या, नाक मात्र प्रत्येकाला अख्खं मिळालंय. मी म्हटलं, गेलात उडत. माझं मॉड्यूल माझ्याजवळ राहील.

हे झालं वरवरचं कारण. खरं कारण मला तेव्हाही कळत होतं, मी त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो होतो. मॉड्यूल आत गेलं असतं तर निपाणीला माझी गरज उरली नसती.

आणि निपाणीला जायला मला फार आवडायचं. दर काही महिन्यांनी कर्नेलमध्ये काहीतरी हलायचं, पाटी बंद पडायची, आक्काचा फोन यायचा. मी शनिवारची दुपारची बस धरायचो. संकेश्वर मागं पडलं की मला आपण कुणीतरी मोठे डॉक्टर आहोत असं वाटायला लागायचं. घरात शिरल्याबरोबर वहिनी डोक्यावर पदर घेऊन, "आलासा भावजी? बसा, चा टाकतो," म्हणायची. आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो' असंच बोलतात. मी संगणक उघडायचो, चार ओळी बदलायचो, उगीच कपाळाला आठ्या घालून जरा जास्त वेळ बसायचो. तोवर आत पुरण शिजायला पडलेलं असायचं. आम्ही जैन, त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं आटपावी लागतात आणि वहिनी त्यात काडीची सूट घेत नाही. मी चारला पोचणार, म्हणजे तिच्या हातात दोन-अडीच तास. तेवढ्यात कटाची आमटी, पोळ्या, दोन भाज्या, मसालेभात. मी जावयासारखा पाटावर बसायचो. "कशाला एवढं?" असं म्हणायचो आणि आणखी एक पोळी घ्यायचो.

एकदा पोरांच्या परीक्षा चालू असताना फोन आला. मी वैतागूनच गेलो. बिघाड क्षुल्लक होता. मी चपला घालता घालता म्हणालो, "एवढ्यासाठी बोलावलंस व्हय?" थट्टेनं म्हणालो असं मी पुढं स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. ती थट्टा नव्हती.

त्याच दिवशी मी दोन सोयी लावून दिल्या. नवं कर्नेल आलं की मॉड्यूल त्याच्याशी जुळेल असं आपोआप पुन्हा बांधून घ्यायची एक, आणि डिस्क भरू नये म्हणून वापरात नसलेली जुनी कर्नेलं आपोआप काढून टाकायची दुसरी. म्हणालो, आता मला बोलवायला नको. त्यानंतर खरंच फोन आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी वर्गात पोरांना ऐटीत सांगायचो, व्यवस्था अशी लावा की परत बघावं लागू नये.

मध्ये एकदा कर्नेलवाल्यांची सूचना माझ्या वाचनात आली होती. पाटीसारख्या उपकरणांच्या माहितीत दुरुस्ती करणाऱ्या ज्या मॉड्यूलना आतल्या एका ठरावीक पद्धतीनं उत्तर द्यावं लागतं, ती पद्धत बदलतेय. आत असलेली सगळी मॉड्यूल त्यांनीच बदलून टाकली होती. बाहेरच्यांनी आपलं बघावं. मी वाचलं, 'रविवारी बघू' म्हटलं आणि चहा प्यायलो.

पुढं एका नातलगाचा साखरपुडा निपाणीला होता. हॉलवर जेवून मी सहज घरी गेलो. आक्का खिडकीशी बसली होती. समोर संगणक होता, पण पाटी नव्हती. पाटी कपाटावर, टॉवेलात गुंडाळून ठेवलेली.

"हे काय? वर का ठेवलीस?"

"धूळ बसती रं."

मी पाटी खाली काढली, जोडली. काही नाही. आपोआप बांधणाऱ्या सोयीची नोंद उघडली. ती सोय बांधणं फसलं तर एका कोपऱ्यात इंग्रजीत कुरकुर करते आणि गप्प बसते. तिथं त्या कुरकुरीचा ढीग पडला होता. प्रत्येक अपडेटला फसलं होतं. फार पूर्वीपासून. मी चक्रावलो. मग इतके दिवस हिनं काम कसं केलं?

मी विचारल्यावर आक्कानं सांगितलं, ओशाळून, लहान पोरानं फुटलेली बशी दाखवावी तसं. पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा तिनं संगणक चालू होताना काय काय येतं ते नीट बघितलं होतं. सुरुवातीला एक यादी येते, नवं कर्नेल वर, जुनं खाली. खालची ओळ निवडली तर पाटी चालते, हे तिला कळलं. मग रोज सकाळी ती यादी थोडा वेळ दिसते तेवढ्यात, संगणकाच्या त्या बारीकशा कळेवर बोटाचा सांधा टेकवून ती खालची ओळ पकडायची. थंडीत सांधे आखडलेले असायचे. तरी पकडायची.

"एक दिवस चुकलं रं माझं बोट. नवंच चालू झालं. म्हटलं बंद करून परत लावावं. तर दुसऱ्या खेपेला खालची ओळच न्हाय. मीच कायतरी भलतं दाबलं बघ."

तिनं काही भलतं दाबलं नव्हतं. नवं कर्नेल चालू झालेलं बघून माझ्या दुसऱ्या सोयीनं जुनं झाडून बाहेर काढलं होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "असंल." मला बरं वाटावं म्हणून मी बोलतोय असं तिला वाटलं असावं.

"आणि वकिलांचं काम?"

"थांबले की ते. मी पेन्सिल बोटांत अडकवून ह्या संगणकाच्या बारक्या कळांवर कराय लागलो. दिवसाला अर्धं पान. कोर्टाच्या तारखा थांबतात व्हय? दिलं त्यांनी कोर्टाजवळच्या टायपिंग सेंटरला. त्यांचं काय चुकलं न्हाय."

मला राग आला. स्वतःचा आला होता, पण तो आयता तिच्यावर निघाला. "फोन करायला काय झालतं तुला? मी काय मेलो होतो?"

तिनं आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज होता. हॉलवरचं जेवण आमच्यात जेवण धरत नाहीत. मी आल्याबरोबर वहिनीनं डाळ चढवली होती. आक्का आवाज खाली आणून म्हणाली, "तू आलास की हिला हातातलं सगळं टाकून चुलीम्होरं उभं ऱ्हावं लागतं. दिवस मावळायच्या आत. लई वेळा झालं तसं. ती तुला काय म्हणायची न्हाय. तू जेवून बसनं जातोस. मी हितंच असतो."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी या घरावर उपकार करायला येतो. माझी प्रत्येक फेरी आक्काला घरात बोलून दाखवली जात होती, शब्दानं नाही, भांड्यांच्या आवाजानं. आणि ते वाचवायला तिनं आधी गारठलेल्या बोटांनी खालची ओळ पकडली आणि मग काम घालवलं. वहिनीचा मला राग येत नाही. घर सांभाळून, नणंदेचं बघून, वर माझ्यासारखा फुकटचा डॉक्टर शनिवारी उगवणार म्हटल्यावर दुसरी कुणी याहून मोठी भांडी आपटली असती.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली. संगणकाला परत द्यायची माहिती 'हिच्यात आता बदल होणार नाही' असं आधीच जाहीर करणारा एक शब्द. तो घातला, मॉड्यूल बांधलं, पाटी चालू झाली. आत डाळही शिजली नव्हती.

मी उठलो. म्हटलं, भूक नाही, हॉलवर भरपूर झालंय, पोट बिघडलंय, काहीही म्हटलं. आक्का माझा शर्ट सांध्यांनी धरून कुजबुजली, "आता एवढं रांधल्यावर न जेवता गेलास तर ते बी माझ्याच डोक्यावर येतंय. बस गप."

बसलो. जेवलो. वहिनी उभी राहून वाढत होती, "घ्या भावजी, लाजू नगासा," म्हणत होती, आणि मी वाढलेलं सगळं संपवत होतो. पानात काही टाकलं असतं तर तेही आक्काच्याच खात्यात गेलं असतं.

बेळगावला आल्यावर मी ते जुनं उत्तर शोधून काढलं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मुकाट्यानं केली. मांडणी, नावं, दोनदा लिहिलेला भाग, सगळं. तपासणाऱ्यानं आणखी दोन चुका काढल्या, त्याही केल्या. मग त्यानं विचारलं, खऱ्या पाटीवर हे कुणी चालवून बघितलंय? तिथं अशा माणसाचं नाव रीतसर लिहितात. मी आक्काला फोनवर सांगून मॉड्यूल घालायला लावलं आणि तिचं नाव दिलं. ती म्हणाली, माझं कशाला, तुझं घाल की. माझं तिथं बरंच आधीपासून होतं.

काही महिन्यांनी मॉड्यूल कर्नेलच्या आत गेलं. लिनक्स बांधणाऱ्या त्या माणसानं मागच्या पत्राचा उल्लेखही न करता ते आपल्या पॅकेजमध्ये चालू केलं. आणि एका सकाळी निपाणीच्या संगणकात ते नेहमीच्या अपडेटबरोबर आलं. बस नाही, डाळ नाही, माझ्या कपाळावरच्या आठ्या नाहीत. नेटवरच्या माझ्या पानावर मी लिहिलं की आता इथलं काही घेऊ नका, ते आत आहे. इतकं सोपं होतं ते. पहिल्या दिवाळीत होऊ शकलं असतं.

वकिलांना मी स्वतः जाऊन भेटलो, निपाणीतच, घरी न जाता. चांगला माणूस. म्हणाले, तुमच्या आक्कांसारखं मराठी सेंटरवाल्यांना येत नाही, पण कागद संध्याकाळी दिला की सकाळी तयार असतो. आता सगळं तिकडंच बसलंय, काही वेगळं निघालं तर बघू. वेगळं काही निघालं नाही. औषधाचे पैसे आता आण्णा देतो. मी पाठवून बघितले, तिनं परत पाठवले.

तेव्हापासून मी दर रविवारी आक्काला फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, पाटी चालतीय का? ती म्हणते, "चालतीय की. झ्याक." ते ऐकलं की मला आठवडाभर पुरतं. अपडेटमागून अपडेट येतात, पाटी एकदाही अडलेली नाही.

परवा मात्र सहज तोंडातून गेलं, "काय टाइप करतेस सध्या?"

ती म्हणाली, "काय न्हाय रं. काय असतंय टाइप कराय? शनिवारी खाली काढतो, जोडतो, चार शब्द उमटतात का बघतो, आन् ठेवतो गुंडाळून. रविवारी तू इचारतोस न्हवं."